सतरा नंबरची हरवलेली फेरी

इथे परदेशात, आमच्या नेपरव्हिल शहरात हळदीकुंकवाला कुणी नवी मुलगी आली की ती थोड्या वेळाने अदबीनं विचारते, “काकू, तुम्ही जॉब करायचात का?” माझ्या वयाच्या बाकीच्या बायका बँकेत होत्या, लायब्ररीत होत्या, एक तर हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होती. मी सांगते, “मी मोटारींच्या शर्यतीत फेऱ्या मोजायचे.” मुलगी हसते. मी हसत नाहीये हे बघून मग थांबते. “सीरियसली, काकू?”

सीरियसली! सात सीझन. ऐंशीच्या दशकात आम्ही इलिनॉयमधल्या एका छोट्या गावात राहत होतो. चारी बाजूंना मक्याची शेतं, मधोमध आमचे हे नोकरीला होते तो ट्रॅक्टरचा कारखाना आणि गावाबाहेर मातीचा एक रेसट्रॅक. कारखान्यातून सुटलेली, शेतावरून आलेली माणसं शनिवारी संध्याकाळी तिथे जमायची. आपल्याकडे जत्रेत कुस्त्यांचा फड लागतो ना, तसं वातावरण.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. ह्या काही टीव्हीवर दिसतात तसल्या विमानासारख्या गाड्या नव्हेत. कुणीतरी दहा वर्षं ऑफिसला नेलेली साधी मोटार घ्यायची, सीटा, काचा, दिवे सगळं उपटून टाकायचं, आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसवायचा, इंजिनाला घरच्या घरी जोर आणायचा आणि दारावर हातभर नंबर रंगवायचा. झाली स्टॉक कार. अशा वीस-बावीस गाड्या लंबगोल ट्रॅकवर पन्नास फेऱ्या मारायच्या. ट्रॅकवर पाणी मारून ठेवलेलं असायचं, त्यामुळे पाच फेऱ्यांत गाड्या चिखलाने माखायच्या. ट्रॅक सुकला की तोच चिखल धूळ होऊन उडायचा.

आता प्रश्न असा, की पहिला कोण हे कसं कळायचं? तुम्ही म्हणाल, त्यात काय, जो पुढे तो पहिला. छे! दहा फेऱ्यांनंतर पुढचे मागच्यांना गाठतात आणि सगळा गोपाळकाला होतो. डोळ्यांना पुढे दिसणारा माणूस खरं तर एक फेरी मागे असतो. तेव्हा ना गाड्यांत यंत्रं होती, ना कॉम्प्युटर. होतो आम्ही, शेवटच्या रेघेसमोरच्या लाकडी मनोऱ्यावर बसलेल्या दोघी बायका. एकेका फेरीचा एकेक रकाना. रेघ ओलांडणाऱ्या गाडीचा नंबर त्यात क्रमाने लिहायचा. वीस सेकंदांत बावीस नंबर! त्यामुळे कागदाकडे बघायचं नाही. डोळे रेघेवर, हात कागदावर. शिंक आली तरी डोळे उघडे.

हे मला आलं कुठून? तर सांगलीहून. लग्नाआधी मी शाळेत गणित शिकवायचे आणि जिल्ह्याच्या खो-खो सामन्यांना गुणलेखक असायचे. कितव्या मिनिटाला कोण बाद झाली, कुणी खांबापाशी फाऊल केला, हे नजर न हलवता लिहायची हाताला सवय. आमच्या शेजारी डॉरथी नावाची विधवा बाई राहायची, ती ट्रॅकची मुख्य गुणलेखक. एकदा तिची जोडीदारीण आजारी पडली म्हणून मला घेऊन गेली. मी कानात कापूस घालून बसले आणि पहिल्याच शर्यतीत माझा कागद तिच्या कागदाशी तंतोतंत जुळला. डॉरथीने चष्मा काढून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, “पुढच्या शनिवारी सहाला तयार राहा.” आमचे हे म्हणाले, “अगं, लोक काय म्हणतील? साडी नेसून रेसला?” मी म्हटलं, “पँट घालून जाईन, मग तर झालं?”

डॉरथीने मला दोनच नियम शिकवले. पहिला, अपघाताकडे बघायचं नाही. सगळं स्टेडियम उभं राहतं, बायका किंचाळतात, पण आपण रेघेकडेच बघायचं. कारण ज्या फेरीत सगळे दुसरीकडे बघतात, भांडण नेमकं त्याच फेरीवरून होतं. हा नियम फार कठोर होता. एकदा एक गाडी उलटली, आत ओळखीचा पोरगा. ॲम्ब्युलन्सचा आवाज येत होता आणि मी आपली लिहितेय, चव्वेचाळीस, नऊ, बारा. तो सुखरूप होता, पण ते मला शर्यत संपल्यावर कळलं. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली होती. दुसरा नियम, निकाल दिल्यावरसुद्धा कागद पुन्हा एकदा वाचायचा. डॉरथी सिगारेट ओढत वाचायची. मी थर्मासमधला चहा पीत.

भांडकुदळांची तर काय कमी नव्हती! एक लालबुंद चेहऱ्याचा गडी दर महिन्याला जिना चढून यायचा, “माझी एक फेरी खाल्लीत!” मी त्याला प्रत्येक रकान्यात त्याचा नंबर बोटाने दाखवायचे. एकदा तो वैतागून म्हणाला, “बाई, तुम्ही मोजायला शिकलात तरी कुठे?” मी म्हटलं, “सांगलीला.” तो म्हणाला, “ते कुठल्या काउंटीत आलं? आपल्या जिल्ह्यात तर नाही.” मी म्हटलं, “लांब आहे. तुझ्या गाडीने पोचायचं नाही.” डॉरथी हसून हसून खोकायला लागली.

ह्या सगळ्या भांडाभांडीत तीन भाऊ मात्र कधी जिना चढले नाहीत. त्यांचं आडनाव लिहीत नाही, त्यांची लेकरंबाळं अजून त्याच गावात आहेत. थोरला वॉल्ट, मधला लायल, धाकटा डेनिस. नांगर-पेरणीयंत्रं दुरुस्त करायचं त्यांचं दुकान होतं. तिघांच्या गाड्या दुकानात उरलेल्या एकाच हिरव्या रंगाच्या, नंबर सात, सतरा आणि सत्तावीस. सात नंबर वडलांचा. तारुण्यात वडील एकदा फेऱ्यांच्या मोजणीवरून मनोऱ्यावर चढून मारामारी करून आले होते आणि वर्षभर ट्रॅकवर बंदी घेऊन बसले होते. तेव्हापासून घरात कायदा झाला, पेन्सिलवाल्या बाईशी वाद घालायचा नाही. निकालावर तक्रार करायला अर्ध्या तासाची मुदत असायची आणि तक्रार ड्रायव्हरनेच करायची. ह्या घराने ती कधीच केली नाही. दुसरी रीत अशी, की एकाची गाडी बिघडली आणि त्याला गरज जास्त असली, तर दुसऱ्याने उतरून आपली द्यायची. मग त्यांची आई लांबरुंद चिकटपट्टी घेऊन यायची आणि दारावरचा नंबर बदलायची. आमच्या ट्रॅकवर प्रत्येक शर्यतीचे गुण माणसाला मिळायचे, गाडीला नव्हे, आणि वर्षभरात ज्याचे गुण जास्त तो चॅम्पियन.

मला ते तिघे फार आवडायचे, खोटं कशाला बोलू? वॉल्ट बोलका, मिस्कील. पाच वेळा वर्षाचा चॅम्पियन झालेला. मला “मिसेस के” म्हणायचा. डेनिस अंगापिंडाने दांडगा आणि गाडीही तशीच चालवायचा, त्याचा उजवा दरवाजा कायम चेपलेला. लायल मात्र मुखदुर्बळ. दोनदा अगदी तोंडाशी आलेली चॅम्पियनशिप हुकलेली. दोन्ही वेळेला वॉल्टनेच नेलेली. आमच्याकडे एकदा जेवायला आले होते तिघेही. वॉल्टने पुरणपोळीचं कौतुक केलं, डेनिसने पाच खाल्ल्या आणि लायलने जाताना स्वयंपाकघरातल्या गळक्या नळाचा वॉशर बदलून दिला. कुणी सांगितलं नव्हतं.

माझ्या सहाव्या सीझनला डॉरथीच्या डोळ्यांना मोतीबिंदू झाला आणि मुख्य गुणलेखक मी झाले. सांगायला हरकत नाही, मला तेव्हा थोडी शिंगं फुटली होती. चिखलाने नंबर झाकला तरी मी गाडी ओळखायचे. चालीवरून, चेपलेल्या पत्र्यावरून, धूर सोडण्यावरून. लोक चकित व्हायचे आणि मला ते आवडायचं.

वर्षाची शेवटची शर्यत थंडीमुळे रविवारी दुपारी असायची. त्या रविवारी हिशोब अगदी सरळ होता. वॉल्ट आणि लायल यांच्यात जो पुढे राहील तो वर्षाचा चॅम्पियन. वॉल्टने आधीच जाहीर केलं होतं, पाठ दुखते, हा शेवटचा सीझन. त्यामुळे अर्धं गाव म्हणत होतं, जाता जाता सहावी वॉल्टला मिळू दे. उरलेलं अर्धं म्हणत होतं, एकदा तरी लायलला मिळू दे. त्यांच्या आईला कुणी विचारलं तर ती म्हणायची, “मी फक्त नंबर चिकटवते.”

आणि बरोबर त्याच दिवशी पात्रता फेरीत लायलचं इंजिन गेलं! डेनिस आपल्या गाडीतून उतरला, हेल्मेट काढलं आणि किल्ली लायलच्या हातात दिली. म्हातारीने सत्तावीसमधल्या दोनावर हिरवी पट्टी मारून वर पांढरा एक चिकटवला. डेनिसची गाडी सतरा नंबर झाली. वरून मी हे सगळं माझ्या डोळ्यांनी बघितलं आणि वहीत नोंदही केली, सत्तावीस शर्यतीत नाही, सतरा वेगळ्या गाडीत.

तीस फेऱ्यांपर्यंत वॉल्ट पहिला, लायल दुसरा. एकतिसाव्या फेरीत शेवटच्या वळणावर चार गाड्या एकमेकांत घुसल्या. एवढी धूळ उडाली की रेघ दिसेना. माझ्या शेजारी नवी मुलगी होती, ती उभी राहून अपघात बघायला लागली आणि तिचा रकाना कोरा राहिला. मी हलले नाही. धुळीतून सावल्यांसारख्या गाड्या येत होत्या आणि मी लिहीत होते.

पिवळा झेंडा लागला. गाड्या हळू झाल्या. शर्यतीचा संचालक एड, त्याने खालून रेडिओवर मला क्रम विचारला. मी कागद बघितला. एकतिसाव्या रकान्यात सतरा नव्हता. धुळीत अडकून त्याची एक फेरी गेली असणार. मी सांगितलं, “सतरा एक फेरी मागे.” एडने लायलला रांगेच्या अगदी शेवटी जायचा हात केला. लायलने दोन्ही हात उचलले, क्षणभर मनोऱ्याकडे बघितलं आणि मुकाट्याने मागे गेला.

पुढच्या अठरा फेऱ्यांत त्याने जे काही केलं, ते मी पुन्हा कधी बघितलं नाही. एकेक करून तो सगळ्यांना मागे टाकत आला. शेवटच्या फेरीला तो वॉल्टच्या बाजूला भिडला. दाराला दार घासत दोघे भाऊ वळणावरून आले आणि लायलची गाडी हातभर आधी रेघेवरून गेली. पण कागदावर तो एक फेरी मागे होता. जिंकल्याचा झेंडा वॉल्टला पडला. लायल अठरावा. लोकांनी टाळ्या वाजवल्या, ट्रॉफी दिली, फोटो काढले, म्हातारी वॉल्टच्या गळ्यात पडून रडली.

मी चहा ओतला आणि कागद पुढे घेतला. पण डोक्यात एक किडा वळवळत होता. लायल फेरीभर मागे असेल तर वॉल्टने त्याला जाऊ द्यायला हवं होतं. त्याच्याशी झुंजून वॉल्टला काय मिळणार होतं? उलट गाडी फुटली असती तर हातची चॅम्पियनशिप गेली असती. मग पाठदुखीचा माणूस जिवावर उदार होऊन का भिडला?

मी एकतिसावा रकाना काढला. सात. आणि त्याच्या खाली माझ्याच अक्षरात, स्वच्छ, सत्तावीस.

सत्तावीस नंबर शर्यतीत नव्हताच! धुळीत आकडा दिसला नव्हता, दिसला होता तो डेनिसचा चेपलेला दरवाजा. डोळ्यांनी गाडी ओळखली आणि हाताने लिहून टाकलं. आणि जो नंबर शर्यतीत नाही तो कागदात शोधणार कोण? मी फक्त सतरा शोधला आणि सतरा सापडला नाही. ज्या गोष्टीचा तोरा मिरवत होते, तिनेच माझं नाक कापलं. लायल एक क्षणही मागे नव्हता. शर्यतही त्याची होती आणि वर्षही त्याचं होतं.

मुदतीची दहा मिनिटं उरली होती. मी धावत एडकडे गेले. त्याने कागद बघितला, टोपी मागे सारली. “कुणी तक्रार केलीय?”

“नाही.”

“मग तुम्ही कशाला करताय? ट्रॉफी दिलीय. म्हातारी रडून झालीय. आणि मिसेस के, हे बाहेर आलं की लोक पुढच्या वर्षी तुम्हाला त्या खुर्चीत बसू देतील असं वाटतं?”

खरं सांगते, ती खुर्ची मला फार प्रिय होती. त्या गावात मी सहा वर्षं कुणाची तरी बायको होते, ती परदेशी बाई होते. फक्त त्या मनोऱ्यावर मी मी होते. आणि वॉल्टचा हसरा चेहरा! तो काढून घ्यायचा, तोही माझ्याच चुकीपायी? लायल तर बोलणारच नव्हता. कुणाला कधी कळलं नसतं.

पण मला कळलं होतं ना! मी म्हटलं, “एड, कागद माझा आहे. चूकही माझीच आहे. मीच सांगते त्यांना.”

गाड्या उभ्या करायच्या मैदानात गेले तर त्यांच्या ट्रकच्या मागच्या फळीवर तिघे भाऊ ओळीने बसलेले. ट्रॉफी खाली गवतात, कुणी हात न लावलेली. तिघेही माझ्या जिन्याकडे बघत होते.

माझी वाक्यं पाठ केलेली होती, ती सगळी विसरले. कागद पुढे केला आणि म्हटलं, “एकतिसाव्या फेरीत मी लायलच्या जागी सत्तावीस लिहिला. चूक माझी आहे. शर्यत लायलची.” आणि मला रडूच आलं.

लायलने कागद घेतला. त्या आकड्यावरून अंगठा फिरवला. डेनिस म्हणाला, “चेपलेलं दार. मी म्हटलं होतं ठोकून सरळ करू या.”

वॉल्ट खाली उतरला, गवतातली ट्रॉफी उचलली आणि लायलच्या मांडीवर ठेवली. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “धुळीत हा माझ्या शेपटीलाच होता, मिसेस के. मला माहीत होतं.”

“मग बोलला का नाहीस?” मी जवळजवळ ओरडलेच.

“घरचा कायदा. पेन्सिलवाल्या बाईशी वाद नाही. जिंकलो तरी नाही.” तो हसला. “आणि तुम्ही कागद दोनदा वाचता हे सगळ्या ट्रॅकला ठाऊक आहे. आम्ही तुमच्या चहाची वेळ मोजत बसलो होतो. आज जरा उशीर केलात.”

लायल तेव्हा पहिल्यांदा बोलला. “मला वाटलंच होतं तुम्ही याल.” बस, एवढंच. मग त्याने मान खाली घातली आणि ट्रॉफी दोन्ही हातांनी घट्ट धरली. चाळिशीचा गडी, पोरासारखा रडत होता. म्हातारी आली, काय झालं ते ऐकलं आणि लायलच्या गळ्यात पडून पुन्हा नव्याने रडली. एडने माइकवर निकाल बदलला. माझी चूक माझ्या नावासकट सांगायला मी त्याला लावलं. काही लोकांनी हुर्यो केली. पण पुढच्या वर्षी खुर्ची माझीच राहिली. तो लालबुंद गडीसुद्धा जिना चढायचा बंद झाला. म्हणायचा, ती बाई स्वतःला सोडत नाही, मला काय सोडणार?

एक रुखरुख मात्र राहिली. मी धुळीत नीट बघितलं असतं तर वॉल्टच्या हातात ट्रॉफी देऊन परत घ्यावी लागली नसती. त्याने नंतर खरंच गाडी चालवली नाही. त्या दिवशी निघताना मी त्याला तसं म्हटलंही, “वॉल्ट, तुझं मन मोडलं मी.”

तो गाडी ट्रकवर चढवून साखळी आवळत होता. म्हणाला, “कुठे मोडलं? वीस मिनिटं सहाव्यांदा चॅम्पियन होतो की! आईने मिठी मारली, फोटो निघाले. आणि नंतर लायलही झाला. दोघांना मिळालं असं कुठल्या वर्षी होतं?” मग डोळा बारीक करून म्हणाला, “पण मिसेस के, ती वीस मिनिटं कुठे लिहून ठेवू नका हं. लायल ऐकेल आणि अर्धी ट्रॉफी कापून आणून देईल.”

गेल्या हिवाळ्यात लायलचा फोन आला. वॉल्ट गेला. फोनवरही तो फारसं बोलला नाही, पण ठेवताना म्हणाला, “त्याच्या नावाने कुठे काही लिहायचं असेल तर लिहा. तुम्ही बरोबर लिहिता.”

म्हणून आज लिहिते. शेवटच्या शर्यतीत, रविवारी दुपारी, वॉल्ट, गाडी नंबर सात, वीस मिनिटं चॅम्पियन. दोनदा वाचलंय. बरोबर आहे.